रक्षाची जीन

आर्वीत कोणालाही विचारा, जीन म्हणजे काय? तो म्हणेल, एवढंही माहीत नाही का? एका दारातून कापसाच्या गाड्या आत जातात आणि दुसऱ्या दारातून रुई वेगळी, सरकी वेगळी होऊन बाहेर पडते, ती जीन. अंगात घालायची गोष्ट नाही, आणि दिव्यातून निघणारं भूतही नाही.

हिरालालशेठची जीन गावाबाहेर होती आणि तिच्या फाटकावर हातभर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रक्षा जिनिंग'. थोरली मुलगी झाली त्याच वर्षी जीन सुरू झाली, म्हणून मुलीचं नाव जिनीला. सात वर्षांनी मयुरी झाली तेव्हा दुसरी जीन काढण्याचा काही बेत नव्हता. मग तिची समजूत काढायला आतल्या वजनकाट्यावर 'मयुरी' असं रंगवलं. "ताईची अख्खी जीन, आन माह्या फक्त काटा," असं मयुरी वर्षातून दोनदा तरी ऐकवायचीच. त्यातून आता ती दहावीत होती, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप तर नव्हतंच, कडीही उरली नव्हती.

सन २००४ चा तो डिसेंबर. जीन दोन पाळ्यांत धडधडत होती, आवारातल्याच घराच्या खिडक्यांवर रुईचे पुंजके साचत होते, आणि घरात रक्षाताई काठी टेकत चालत होती.

ताई वर्ध्याजवळ पिपरी मेघेला खोली करून बी.एड. करत होती. उन्हाळ्यात एक दिवस तिला फळ्यावरचं अर्धंच दिसायला लागलं. उजव्या डोळ्यापुढे कोणी दुधावरची साय धरून ठेवावी तसं. डोळा महिन्याभरात बराच सुधारला, तर दसऱ्याच्या आसपास पायांत मुंग्या भरल्या, त्या काही निघेचनात. वर्ध्याच्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला आणि दुखण्याचं नाव निघालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आई, म्हणजे शकुंतलाबाई, त्याला 'ते मल्टी' म्हणायच्या आणि शेजारणींना 'अशक्तपणा' सांगायच्या.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. एक दिवसाआड, स्वतः टोचायची. डबा नागपूरहून आला, फ्रिजमध्ये ठेवला गेला, आणि नेमके त्याच दिवशी गजेंद्रमामा आले. मामांचं वाचन दांडगं, पण ते प्रत्येक लेख अर्धाच वाचायचे.

"अवो अक्का, हे इंजेक्शन प्रतिकारशक्ती कमी करते, माहीत आहे का?"

आईचा हात कपाळावर गेला. "पोरगी काडीसारखी झाली, आन हे डाक्टर तिची शक्ती अजून कमी करून राह्यले? शक्ती वाढवायची का कमी करायची?"

झालं. इंजेक्शनांचा डबा फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्यामागे गेला. पुढे आला गुळवेलीच्या काढ्याचा हिरवागार बाटला. त्याच्या जोडीला च्यवनप्राश, डिंकाचे लाडू आणि रोज सकाळी कोणीतरी सांगितलेलं काहीतरी नवीन. आधी ताकद येऊ दे, मग इंजेक्शनचं पाहू, असा ठराव झाला. ताई एकदा भांडली, दोनदा रडली, मग गप्प काढा पिऊ लागली.

"मयू," ती एका दुपारी म्हणाली, "मले या काठीची भीती नाई वाटत. पुढच्या टायमाले काय जाईन, त्याची वाटते. डोळा, का हात, का दोन्ही पाय. ते येते तेव्हा विचारून नाई येत."

मयुरीने त्याच रात्री जेवताना उभं राहून सुरुवात केली, "आदरणीय आईबाबा, आज मी आपणासमोर दोन शब्द..."

"बस खाली. भात वाढ," बाबा म्हणाले.

पहिलं भाषण असं पडलं. पण डबा लोण्यामागून बाहेर काढल्याशिवाय राहायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

आता बाबारावांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट फाटकाच्या आत येऊच शकत नाही. बाबाराव जिनीचे चौकीदार. अंगाने खांबासारखे, नजरेने अधू, आणि हातात तेल पाजलेली काठी. जो फाटकातून आत येईल तो चोर, असं धरून ते कामाला सुरुवात करायचे. तरी इतकी वर्षं कोणाचं डोकं फुटलं नव्हतं, कारण शेजारी मुकादम अण्णाजी उभे असायचे. अण्णाजींचं फाटकावरचं काम एकच. काठी वर गेली की ते बाबारावांच्या दंडावर हलकेच हात ठेवून म्हणायचे, "अरे बाबा, आपलाच माणूस आहे." काठी खाली यायची.

पण अण्णाजी मुलीच्या लग्नासाठी हिंगणीला गेले आणि तिथेच रमले. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हिरालालशेठ माकडटोपी घालून, शाल गुंडाळून, मागच्या फाटकाने जिनीत शिरले. लाइट गेलेली. बाबारावांनी मालकाच्या पोटरीवर अशी काही काठी हाणली, की शेठच्या ओरडण्याने पाळीवरचे सगळे मजूर गोळा झाले.

शेठ मोठ्या मनाचे. लंगडत घरी येऊन म्हणाले, "चौकीदार असा पायजे! मालकालेही सोडत नाई." शकुंतलाबाईंनी खूश होऊन बाबारावांना रोज तांब्याभर दूध आणि दोन लाडू सुरू केले. त्या खुराकाने बाबाराव असे तरारले, की त्या आठवड्यात पोस्टमनची टोपी उडाली, काट्यावरच्या कारकुनाची सायकल वाकली, आणि गजेंद्रमामांना फाटकावर चढून आत यावं लागलं. 'मालकाला काठी बसली' हा विषय मात्र घरात बंद होता. कोणी काढायचा नाही.

आणि मग तो फोन आला.

फोन जिनीच्या ऑफिसात होता, भिंतीपलीकडे रोलर गरगरत होते, आणि आर्वीची लाइन अशी खरखरायची की जणू तिच्यातूनच सरकी निघते. नंतर दोन्ही बाजूंचं बोलणं जुळवून पाहिलं तेव्हा ते असं निघालं.

"हॅलो, वर्ध्याहून बोलतेय. मी नमिता, डॉक्टर."

"कोण? नमिता ट्रेडर?"

"हो हो. रक्षाच्या जीनबद्दल बोलायचं होतं."

हिरालालशेठ खुर्चीत सरळ झाले. "बोला ना बाई! रक्षा जीन म्हणजे आपलीच."

"रिपोर्ट आलाय. काही जीन मंद चालताहेत."

"कोण म्हणते? दोन पाळ्यांत चालू आहे धडधड!"

"तेच तर. बाकी सगळं जोरात चाललंय, ज्यांनी आवरायचं तेच मंद आहेत. मला घरच्या सगळ्यांचे सॅम्पल लागतील, तुलना करायला."

"सॅम्पल घ्या ना! पाह्यजे तेवढे घ्या. किती काढून ठेवू?"

"प्रत्येकाचे पाच एमएल पुरे."

"पाच मिल?"

"पाच एमएल, हो. रविवारी आर्वीत शिबिर आहे, तेव्हा मीच येते."

शेठने फोन ठेवला आणि ते ऑफिसातल्या रुईच्या गठ्ठ्यावरच बसले. एक नाही, दोन नाही, पाच मिलांची खरेदी करणारी बाई स्वतः चालत येणार! शेजारच्या जिनीवाल्यांनी 'रक्षा जीन मंद आहे' अशी कंडी पिकवली असणार, पण बाई हुशार, स्वतः पाहायला येते.

रविवारपर्यंत फाटक रंगलं. रुईच्या गाठी एका रेषेत लागल्या. दीडशे आलुबोंड्यांची ऑर्डर गेली. झेंडूचा हार आला. आणि शनिवारी जेवताना शेठ ताईकडे न पाहता म्हणाले, "उद्या पाहुण्या आहेत तोवर तू आतच राह्यजो, बाई. काठी दिसली का लोक विचारत बसतात."

ताईने मान हलवली. मयुरीने हातातला घास ताटात ठेवला. जिनीवर नाव ताईचं, हातभर मोठं, आणि ताईनेच बाहेर यायचं नाही? ती तोंड उघडणार तोच आईने तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

रविवारी दहा वाजता फाटकापाशी जीप थांबली. उतरल्या त्या बाई तिशीच्या, साधी सुती साडी, पायात चपला, आणि हातात थर्मोकोलचा डबा. हिरालालशेठ हार घेऊन पुढे झाले, मागे आई ओवाळायचं ताट घेऊन, त्यांच्या मागे मयुरी. पण त्या सगळ्यांच्या आधी तिथे पोहोचले बाबाराव.

"डब्यात काय आहे?"

"बर्फ आहे," बाई म्हणाल्या.

"बर्फ? एवढ्या थंडीत?" बाबारावांचे डोळे बारीक झाले. काठी वर गेली.

"अरे बाबा..." हिंगणीला बसलेल्या अण्णाजींचं वाक्य मयुरीच्या तोंडात आलं, पण उशीर झाला. काठी डब्यावर यायला आणि हार घालायला शेठ वाकायला एकच गाठ पडली. काठी शेठच्या कोपरावर बसली, हार बाबारावांच्या गळ्यात पडला.

डबा वाचला. शेठने कोपर दाबून, डोळ्यांत पाणी आणून हसत म्हटलं, "चौकीदार असा पायजे!"

"हाताला लागलं का? दाखवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सराईतपणे कोपर वाकवून, फिरवून पाहिलं. मयुरीला वाटलं, खरेदीदार बाई कापसाची तार काढून लांबी पाहतात हे ठीक, पण मालकाचं कोपर का तपासतात?

"मोडलं नाही," बाई म्हणाल्या. "बरं, रक्षा कुठंय?"

"ही काय, समोर!" शेठने पाटीकडे हात केला.

बाईंनी पाटी पाहिली. मग शेठकडे पाहिलं. "नाही, म्हणजे मला तिला भेटायचंय. चालताना तोल कसा आहे ते पाहायचंय."

"तोल? तोल एकदम बराबर, सरकारी शिक्का आहे! पोरी, बाईले काटा दाखव."

मयुरीच्या डोक्यात आता काहीतरी खडखडायला लागलं होतं. "बाई," तिने विचारलं, "तुम्हाला सॅम्पल कशाचं पायजे?"

"रक्ताचं," बाई म्हणाल्या.

आलुबोंड्यांची टोपली घेऊन येणारा माणूस होता तिथेच थांबला. आणि त्याच क्षणी घराच्या पायरीवरून आवाज आला, "डॉक्टर नमिता? तुम्ही इथं कशा?"

ताई काठी टेकत बाहेर आली होती. पिपरी मेघेला असतानाच तिने या डॉक्टरांकडे रक्त दिलं होतं. घरी सांगितलं असतं तर रक्त कमी झालं म्हणून आणखी लाडू खावे लागले असते, म्हणून सांगितलं नव्हतं.

शेठचा चेहरा पांढऱ्या रुईसारखा झाला. पाच मिल एकामागून एक बंद पडल्या. "म्हणजे तुम्ही ट्रेडर नाई?"

"डॉक्टर," डॉ. नमिता म्हणाल्या. "आणि मी जिनिंगबद्दल नव्हते बोलत. शरीरातल्या जीनबद्दल बोलत होते. जनुकं."

"मी तर पहिलेच म्हटलं होतं," आई ताट खाली ठेवून म्हणाल्या, "जवान पोरीले जीन घालू देऊ नका. पायाले रक्त कसं पोचन?"

"आई!" दोन्ही मुली एकदम ओरडल्या.

मग सगळे गाठींवर बसले आणि डॉक्टरांनी समजावून सांगायला घेतलं. रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. त्या जंतूंना मारतात. त्यांना वेळेवर थांबवणाऱ्याही पेशी असतात. या थांबवणाऱ्यांना कामाला लावायच्या सूचना काही जीनमध्ये असतात. रक्षासारख्या काही जणांमध्ये हे जीन असतात, पण कमी चालतात, असं दिसतंय. मग लढणाऱ्या पेशी आपल्याच नसांवरचं वेष्टन कुरतडतात. त्या नीट, सोपं बोलत होत्या, पण बाबा कोपर चोळत जमिनीकडे पाहत होते आणि आईचं सगळं लक्ष थंड होणाऱ्या आलुबोंड्यांवर.

"ते सगळं ठीक," शेवटी बाबा उठत म्हणाले. आवाजात राग होता आणि त्याहून जास्त लाज. "पण शक्ती कमी करायचं इंजेक्शन आम्ही नाई देत. पोरीले पहिले ताकद येऊ द्या. चला, नाश्ता करा."

ताईने काठी उचलली आणि ती घराकडे वळली. तिच्या पाठीकडे पाहताना मयुरीला कळलं, की आज बाई परत गेल्या तर डबा लोण्यामागेच राहणार, आणि पुढच्या वेळी ते न विचारता येणार.

ती गाठीवर चढली.

"आदरणीय उपस्थित..."

"मयुरी, खाली उतर!"

"नाई उतरत!" मग वक्तृत्व गेलं आणि घरचं बोलणं आलं. "बाबा, मले एक सांगा. तुमच्या पोटरीवर काठी कोणी हाणली?"

बंद विषय फाटक तोडून भर अंगणात उभा होता.

"बाबारावनं," बाबा दातांतून म्हणाले.

"बाबाराव चोर आहे का?"

"नाई."

"कमजोर आहे का?"

"त्याची काठी तुह्या पायावर बसली असती म्हणजे समजलं असतं."

"मग तुमाले काऊन मारलं त्यानं? इतके वर्षं तर नाई मारलं."

"इतके वर्षं अण्णाजी होता ना बाजूले!"

"तेच बाई सांगून राह्यल्या!" मयुरी गाठीवर जवळजवळ नाचलीच. "ताईच्या आत बाबाराव भरपूर आहेत. अण्णाजीच कामावर नाई! म्हणजे आहे, हजेरीवर नाव आहे त्याचं, पण तो बसला हिंगणीले, पंगती वाढत! म्हणून ताईच्या आतले बाबाराव ताईलेच मारून राह्यले. पहिले डोळ्यावर, मग पायावर. आन आई, आपण काय करून राह्यलो? बाबारावले ताकद यावी म्हणून दूध पाजून राह्यलो!"

डॉ. नमिता वहीत लिहून घेत होत्या. त्यांनी वहीतून मान वर करून फक्त एवढंच म्हटलं, "मी दोन वर्षं हे शिकवतेय. एवढं चांगलं मला नाही सांगता आलं."

आईने एकदा बाबारावांकडे पाहिलं. गळ्यात झेंडूचा हार, ओठांवर सकाळच्या दुधाची पांढरी रेघ. मग ताईकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो काढा... मी पोरीच्या आतल्या बाबारावले पाजत होती?"

"गुळवेल ताकद वाढवते, हे तुमचं खरंच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त कोणाची ताकद, ते पाहायला हवं."

"आन इंजेक्शन म्हणजे अण्णाजी?" बाबांनी विचारलं. राग गेला होता. खरेदी-विक्रीत विचारतात तसं, नीट पारखून विचारत होते.

"अण्णाजी नाही. खरे अण्णाजी कसे परत आणायचे ते आम्हालाही अजून ठाऊक नाही, त्यासाठीच तर ही सॅम्पल. इंजेक्शन म्हणजे बाबारावांना 'जरा सबुरीनं' सांगणारा कोणीतरी. झटका पुन्हा येणारच नाही, असं वचन मी देत नाही. कमी येतील, असं म्हणते. सुरुवातीला ताप येईल, अंग दुखेल. आणि खरं सांगते, आज रक्त दिल्याने रक्षाला लगेच काही फायदा नाही. पुढे कोणाला तरी होईल."

शेठ थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिले. त्या निळ्या अक्षरांकडे, मग त्याच नावाच्या, पायरीवर काठी धरून उभ्या असलेल्या मुलीकडे. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दुखरा नव्हे तो हात पुढे केला.

"घ्या बाई. पाच मिल."

सगळ्यांचं रक्त काढून झालं, नळ्या बर्फात गेल्या, आलुबोंडे जिनीतल्या मजुरांनी संपवले. बाबारावांनी तेवढ्यात काळजीने विचारलं, "मालकीणबाई, माह्यं दूध बंद का?"

"अर्धं," आई म्हणाल्या. "अण्णाजी येईपर्यंत अर्धंच."

सूर्य कलताना लोण्याचं भांडं सरकलं. डॉक्टरांनी जाण्याआधी पद्धत दाखवली होती. ताईने मांडीवर जागा पुसली, श्वास रोखला आणि स्वतःच टोचलं. मयुरीने डोळे गच्च मिटून घेतले होते, भाषणापुरतंच धाडस होतं तिच्यात.

"झालं का?"

"कधीचं. तू काऊन रडून राह्यली, पागल?"

दिवेलागणीला ताईला सांगितल्याप्रमाणे हुडहुडी भरली. आई सवयीने उठल्या, फ्रिज उघडला, हात हिरव्या बाटल्यावर गेला. मयुरी दारात उभी राहून पाहत होती. एक शब्दही बोलली नाही, आणि तिच्यासाठी ते भाषणापेक्षा अवघड होतं.

आईने बाटला उचलला, मोरीत उपडा केला आणि पाण्याने हात धुतले. मग त्या येऊन ताईच्या पायाशी बसल्या. गोधडीखालून त्यांनी तिचं पाऊल बाहेर घेतलं, तेच, मुंग्या भरलेलं. त्यावर हलकेच हात ठेवला आणि आत कोणाशी तरी बोलावं तशा खाली वाकून म्हणाल्या,

"अरे बाबा, आपलीच पोरगी आहे."